समोर बसलेलं माणूस

"पोवार, तुम्ही जिवंत माणसं काढता ना?"

हे विचारणारा दिग्दर्शक माझ्या दुकानाच्या मधोमध उभा होता आणि तीन भिंतींवरची एकोणतीस मेलेली माणसं त्याच्याकडे टक लावून बघत होती. प्रश्न रास्तच होता. पण उचलली जीभ आणि लावली टाळ्याला, तसं मी म्हणालो, "तर हो. न काढायला काय झालं?"

"म्हणजे, समोर बसवून?"

"समोर बसवल्याशिवाय काढायचं कसं?"

पडद्यामागे माझी बायको शालन फ्रेमच्या काचा पुसत होती. तिचा फडका थांबलेला मला ऐकू आला.

ही १९९८ सालची गोष्ट. कोल्हापुरात गंगावेशीत माझं दुकान होतं आणि तिथं मी सव्वीस वर्षं एकच काम करत आलो होतो. मयताच्या फोटोवरून मोठं रंगीत चित्र करून द्यायचं. गिऱ्हाइकांना ते तेराव्याच्या आत हवं असायचं, आणि हातात काय द्यायची, तर एस.टी.च्या पासावरचा नखाएवढा फोटो, नाहीतर कुणाच्यातरी लग्नातला घोळका. "ह्यातला मागनं तिसरा आमचा बा. टोपी काढा आनि फेटा घाला." एकाने तर वडिलांचा फोटोच नाही म्हणून चुलत्याचा आणून दिला होता. "ह्योच काढा, फक्त गालाला जरा बारीक करा." असल्या लोकांशी बोलायचं काम शालनकडे. माणूस हसरं होतं की तापट, चष्मा घालून बरं दिसायचं की काढून, हे सगळं ती बाहेर बसून विचारून घ्यायची. रडणाऱ्याला पाणीही तीच द्यायची. मी आत रंगवत बसायचो.

दिग्दर्शकाचं नाव केदार आगाशे. पुण्याचा, तिशीतला, आणि दर दोन वाक्यांमागे मत बदलणारा. तो संस्थानी काळावर सिनेमा काढत होता. साठी उलटलेला एक दरबारी चित्रकार असतो, त्याला देवीचं चित्र काढायचं असतं, त्यासाठी तो माळ्याच्या एकोणीस वर्षांच्या मुलीला समोर बसवतो. बसवता बसवता म्हाताऱ्याचा जीव तिच्यात गुंततो, आणि पुढे काय ते केदारलाही पक्कं ठाऊक नव्हतं. चित्रकाराचं काम श्रीपादराव मिराशी करणार होते. पन्नास वर्षं नाटकाचा पडदा ज्यांच्या नावावर उघडला ते मिराशी. आणि त्या मुलीचं चित्र हवं होतं माझ्याकडून.

"ते चित्र म्हणजे आपल्या सिनेमाचा जीव आहे, पोवार."

"हं," मी म्हणालो.

तो गेल्यावर शालन फडका घेऊन बाहेर आली. "कशापायी खोटं बोललासा?"

"खोटं कसलं? आता काढतोच की."

तिला माहीत होतं. चोविसाव्या वर्षी मी इंगळे मास्तरांच्या क्लासला जात होतो. तिथं समोर माणूस बसवून चेहरा काढायचा असे. पगडी यायची, अंगरखा यायचा, हातातली काठी तर उचलून घ्यावी अशी यायची, आणि तोंडाच्या जागी दर वेळी चिखल. तीन महिन्यांनी मी क्लास सोडला. फोटो हलत नाही, माणूस हलतं, म्हणून मला जमत नाही, असं मी स्वतःला सांगितलं आणि पुढची सव्वीस वर्षं सगळ्यांना तेच सांगत राहिलो. पण चित्रकार म्हणवून घ्यायला एकदा तरी जिवंत माणूस समोर बसवून काढायला हवं, हे माझ्या मनातून कधी गेलं नाही. आता पन्नाशीला ते आपल्या पायांनी चालत दुकानात आलं होतं. नाही म्हणवेना.

शूटिंग पन्हाळ्यावर एका भाड्याच्या बंगल्यात होतं. मोठ्या खोलीत चित्रकाराचा स्टुडिओ उभा केला होता. मी पहिल्याच दिवशी सांगितलं की चित्रकार उत्तरेच्या खिडकीतला उजेड घेतो, दक्षिणेचा घेत नाही. कॅमेरावाला म्हणाला, दक्षिणेचा छान दिसतो. विषय संपला. मग चित्रकाराची हात टेकायची काठी चुकली, रंग कालवायची पाटी चुकली, रंगांच्या नळ्या असल्या की त्या काळात कुणाच्या बापाने पाहिल्या नसतील. मी बोलत होतो आणि सगळे "हो काका, हो काका" करत आपलंच करत होते.

मुलगी निपाणीची होती. मृदुला शिंत्रे. कॉलेजच्या एकांकिकेत केदारने तिला पाहिलं होतं. वडिलांनी एकाच अटीवर सोडली होती, की तिची सिंधूआत्या कायम बरोबर राहील. आत्या प्राथमिक शाळेत मास्तरीण, विधवा, आणि स्वेटर विणता विणता आख्ख्या युनिटवर नजर ठेवणारी. त्यांच्या सुया थांबल्या की लाइटवाले सुद्धा गप्प व्हायचे.

पहिली बैठक अर्ध्या तासाची. मृदुला चौरंगावर बसली. बसली म्हणायचं आपलं. तिने आधी नाक खाजवलं. मग पदर नीट केला. मग चहा आहे का विचारलं. मग कोपऱ्यातल्या मांजराकडे बघून हसली. मी कोळशाची रेघ मारावी तोवर हनुवटी दुसरीकडे.

"जरा हलू नकोस."

"हलले नाही, काका. श्वास घेतला."

अर्ध्या तासात माझ्या कॅनव्हासवर एक नऊवारी नेसलेला चिखल तयार झाला. मी तो फडक्याने पुसला आणि केदारला म्हणालो, "इथला उजेड बरोबर नाही. मेकअप करून हिचा एक चांगला फोटो काढून द्या. अंदाज मला आला आहे, बाकीचं घरी करतो."

घरी हे ऐकून शालन म्हणाली, "नाचता येईना, अंगण वाकडं." आणि ती पुन्हा काचा पुसायला लागली. मला त्याचाच राग आला.

चार दिवसांत चित्र झालं. खोटं कशाला बोला, सुंदर झालं. पोरीचे डोळे असे की खोलीत कुठेही उभे राहा, तुमच्याकडेच बघतात. केदारने मला मिठी मारली. मिराशींनी दोन पावलं मागे जाऊन बघितलं, पुढे येऊन बघितलं आणि आपल्या खुर्चीत जाऊन बसले. सकाळी आठला त्या चित्राचा पहिला शॉट होता. आत्या आणि मृदुला अजून मेकअपच्या खोलीत होत्या.

सेटवर रोज सकाळी कॅमेऱ्याची पूजा व्हायची. ते काम तुकारामकाकांचं. सामान हलवणारे म्हातारे गृहस्थ, इथलेच, आंबेवाडीचे. त्यांनी नारळ फोडला, कॅमेऱ्याला हळदकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला. हातात एक हार जास्तीचा उरला होता. ते वळले, चित्रासमोर गेले, चिमूटभर कुंकू पोरीच्या कपाळाला लावलं, हार चौकटीवरून तिच्या गळ्यात सोडला, उदबत्ती ओवाळली आणि डोळे मिटून हात जोडले.

त्याच वेळी दारातून मृदुला आत आली.

भिंतीवर ती स्वतः होती, ओल्या झेंडूच्या हारात, पुढे उदबत्ती. तिच्या मागोमाग आत्या आल्या आणि त्यांच्या हातातला लोकरीचा गुंडा जमिनीवर गडगडत गेला.

"हे काय केलंत, काका?" केदार ओरडला.

तुकारामकाका गोंधळले. "म्हंजे? लावायचं न्हवतं व्हय?"

"कुणी सांगितलं लावायला?"

"सांगाय कशाला पायजे? जागा मोकळी ठेवलीया की. कपाळाला बी आनि हाराला बी. आमच्या घरात ह्यास्नीच्याच हातचा आमच्या म्हाताऱ्याचा फोटू हाय." त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "तसलाच हाय बगा."

आणि मग मला दिसलं. आधी का दिसलं नाही, देव जाणे. मयताच्या चित्रात मी कपाळावर कुंकू काढत नसे. दुकान काढलं तेव्हा काढायचो, पण घरचे लोक काचेवर वरून दुसरं लावणार, ते बोटभर खाली येणार, आणि बाई दोन कुंकवांची दिसणार. तक्रारी यायला लागल्या. तेव्हापासून कपाळ कोरं आणि छातीचा भाग नुसता सपाट, कारण तिथं हारच येतो, बारीक काम करून उपयोग काय. फोटोत मृदुलाच्या कपाळावर चांगलं रुपयाएवढं कुंकू होतं. माझ्या हाताने ते सरळ गाळलं. गळ्यातली बोरमाळही गाळली. केदारला ते कळलं नाही, कॅमेरावाल्याला कळलं नाही, संस्थानी काळाचा अभ्यास केलेल्या त्याच्या तीन सहायकांना कळलं नाही. तुकारामकाकांना बरोबर कळलं.

मी हार काढायला धावलो आणि वाट आणखी लावली. रंग अजून ओला होता. हाराबरोबर गालाचा अर्धा भाग उतरला.

ही गोष्ट मी पुढे शंभर वेळा सांगितली असेल. पण कायम इथपर्यंतच सांगतो. लोक पोट धरून हसतात आणि चहा मागवतात.

आत्या मात्र हसण्यातल्या नव्हत्या. त्या बॅगा भरायला लागल्या. "दादाला मी काय सांगू? पोरीला सिनेमात धाडली आणि पहिल्याच आठवड्यात तिला हार घातला?"

"मी कुंकवाचा ठिपका देतो, गाल दुरुस्त करतो," मी म्हणालो. "संध्याकाळपर्यंत होईल."

"हार पडलेल्या चित्राला ठिपका देऊन काय होतं?" त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, "हे फोटोवरून काढलंत ना?"

केदारने माझ्याकडे बघितलं. मिराशींनीही बघितलं.

"थोडा आधार घेतला," मी म्हणालो.

"फोटोवरून मेलेल्यांची काढतात. माझी पोर धडधाकट बसलेली आहे. तिला समोर बसवा, माझ्यादेखत नवीन काढा, मग राहतो. नाहीतर दुपारच्या गाडीने निपाणी."

मृदुला एका बाजूला उभी होती. तिचे डोळे भरले होते, पण ती म्हणाली, "मी बसते, आत्या. नाही हलणार." तिला हा सिनेमा हवा होता, हे कुणाच्याही लक्षात आलं असतं. मिराशी तिसऱ्या दिवशी संध्याकाळी नाटकाच्या दौऱ्यावर जाणार होते. म्हणजे हातात दोन दिवस. दोन दिवसांत चित्र झालं नाही तर आत्या पोरीला घेऊन जाणार, मिराशी दौऱ्यावर जाणार, केदार डोक्याला हात लावून बसणार, आणि पोवार पेंटरला जिवंत माणूस काढता येत नाही ही बातमी पन्हाळ्यावरून गंगावेशीत माझ्या आधी पोचणार.

जुनं चित्र आत्यांनी माझ्याकडून त्यांच्यासमोर टर्पेंटाइनने पुसून घेतलं. चार दिवसांचं काम दहा मिनिटांत गेलं.

मग बैठक सुरू झाली. मृदुला चौरंगावर. तिच्या मागे खिडकीशी आत्या, विणकाम घेऊन. आणि माझ्या डाव्या हाताला वेताच्या खुर्चीत श्रीपादराव मिराशी, कारण त्यांना चित्रकार काम कसं करतो ते शिकायचं होतं. एवढा मोठा नट, म्हटलं बसू दे. पण तो माणूस नुसता बसेना.

"पोवार, ब्रश टर्पेंटाइनमध्ये बुडवताना तुमच्या मनात नेमकं काय असतं?"

"टर्पेंटाइन संपत आलंय, हे असतं."

त्यांनी ते वहीत लिहून घेतलं.

"आणि आता? आता ब्रश थांबला. आता काय झालं?"

"भूक लागली."

तेही लिहून घेतलं. सत्तरीचा म्हातारा, पाठ माझ्यापेक्षा ताठ आणि नजर घारीची. मी डावा पाय पुढे टाकला की त्यांचा पाय खुर्चीत हलायचा. मी मांडीला ब्रश पुसला की त्यांचा हात त्यांच्या मांडीवर. समोर पोर, मागे आत्या, बाजूला हे, आणि दर वीस मिनिटांनी दारातून केदारचं डोकं, "किती झालं?" माझ्या कॅनव्हासवर दुपारपर्यंत पुन्हा तोच चिखल. मी हनुवटी पाच वेळा काढली. पाचही हनुवट्या वेगवेगळ्या बायकांच्या होत्या.

आणि गंमत अशी की पोर हलत नव्हती. शपथ घातल्यासारखी बसली होती. नाकावर माशी बसली तरी हलली नाही. मला आणखीच संताप आला, आता दोष द्यायचा कुणाला?

जेवणानंतर मी ते केलं. माझ्या रंगपेटीचं झाकण आतून माझ्याकडे तोंड करून उघडं राहतं. पहिलं चित्र ज्यावरून केलं तो पोरीचा फोटो माझ्या पिशवीत होता. तो मी झाकणाच्या आत खोचला. समोरून पोरीला दिसणार नाही, खिडकीतून आत्यांना दिसणार नाही. आणि काय सांगू, हात एकदम मोकळा झाला. तासाभरात डोळे आले. या वेळी कुंकू पहिल्यांदा काढलं, रुपयाएवढं, लालभडक. बोरमाळेचा मणी न् मणी काढला. मिराशींचं माझ्या लक्षात होतं, ते डावीकडून सगळं बघत होते. मी त्यांच्याकडे एकदा चोरून बघितलं. त्यांनी वही मिटली होती आणि कौतुक नाही की तक्रार नाही, असा चेहरा करून ते बसले होते. त्यानंतर त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. मला वाटलं, सुटलो.

दुसऱ्या दिवशी पोरीला धीर आला आणि ती बोलायला लागली.

"काका, तुम्हाला मुलं किती?"

"हं."

"काका, माझं नाक बसकं आहे ना?"

"हं."

"हो म्हणालात."

"नाही म्हणालो. गप्प बस."

बाहेर जनरेटर बंद पडला होता, म्हणून खोलीत अगदी शांत होतं. मग ती हळूच म्हणाली, "काका, खरं सांगा. मी कशी दिसते? आरशात बघते तर मेकअपवाल्या दादांनी जे लावलेलं असतं तेच दिसतं. केदारसर म्हणतात, अजून थोडी गरीब दिस. आत्या म्हणते, दिसण्याचा विचार करू नकोस. तुम्ही दोन दिवस माझ्याकडे बघताय. तुम्हाला तर कळलं असेल."

मी तिच्या गालावर, म्हणजे चित्रातल्या गालावर, उजेडाचा शेवटचा हात देत होतो. एक चुकीचा फटकारा बसला की गेलं सगळं. मी ब्रश मांडीला पुसला.

"बरी दिसतेस," मी म्हणालो.

ती पुढे काही बोलली नाही. मला बरं वाटलं. दुपारी चारला चित्र पुरं झालं आणि आत्यांनी स्वतः चष्मा लावून तपासलं. कपाळ बघितलं, गळा बघितला, हातातल्या बांगड्या मोजल्या. "आता कसं जिवंत वाटतं," त्या म्हणाल्या. केदार म्हणाला, "बघा पोवार, माणूस समोर बसवलं की फरक पडतोच." मी "हं" म्हणालो आणि फोटो पिशवीत टाकला. मिराशी तिथेच उभे होते. एका शब्दाने ते मला उघडं पाडू शकले असते. ते फक्त केदारला म्हणाले, "मला म्हातारा मिळाला. उद्या शॉट लाव. आणि ते दीड पान काढून टाक."

ते दीड पान म्हणजे चित्रकाराचं भाषण. मुलगी विचारते, मी कशी दिसते, आणि म्हातारा दीड पान बोलतो. चंद्र, नदी, देवीचा मुखवटा, सगळं त्यात होतं. केदारने त्याच्यावर दोन महिने घालवले होते. त्यावरून दोघांची खूप हुज्जत झाली. मला वाटलं, वयामुळे पाठांतर होत नसेल बिचाऱ्याचं. मी माझं बिऱ्हाड उचललं आणि एस.टी. पकडून घरी आलो. शालनला सांगितलं, "काढलं. समोर बसवून काढलं." तिने "बरं झालं" म्हणून ताट वाढलं.

सिनेमा दीड वर्षाने लागला. तोवर त्याचं नाव तीनदा बदललं होतं. मी आणि शालन रविवारी पहिल्या खेळाला गेलो. पाट्यांमध्ये माझं नाव आलं, 'चित्र: बाळकृष्ण पोवार', आणि शालनने माझ्या हाताला कोपर लावलं. चित्रही मोठं झकास दिसत होतं. मी आजूबाजूची माणसं बघतात की नाही ते बघून घेतलं.

मग तो प्रसंग आला. मुलगी चौरंगावर बसलेली. म्हातारा चित्रकार कॅनव्हाससमोर. मिराशींनी डावा पाय पुढे टाकलेला, मान खाली घातलेली. मुलगी काहीबाही विचारते आणि तो "हं" म्हणतो. प्रत्येक प्रश्नाला मांडीला ब्रश पुसतो. कॅनव्हासकडे बघतो, रंगांकडे बघतो, रंगपेटीच्या झाकणाकडे बघतो. तिच्याकडे बघत नाही. मला वाटलं, आता बघेल. मग वाटलं, आता तरी बघेल. पाच मिनिटं तो प्रसंग चालला आणि त्या माणसाने एकदाही डोळे वर केले नाहीत. मुलगी शेवटी विचारते, "मी कशी दिसते?" म्हातारा ब्रश मांडीला पुसतो.

"बरी."

पडद्यावर मृदुलाचं तोंड आलं. ती काही बोलत नव्हती, नुसती बसली होती. मी ते तोंड आयुष्यात पहिल्यांदा बघत होतो. नाक थोडं बसकं होतं, आणि तेच किती छान दिसत होतं. दोन दिवस ते माझ्यापासून चार हातांवर होतं. आमच्या पुढच्या रांगेतल्या बाईने डोळ्यांना पदर लावला. माझे कान तापले होते. मी चपलेच्या अंगठ्याकडे बघत राहिलो आणि सिनेमा संपला तेव्हाच वर बघितलं.

पुढे मिराशींना त्या कामाबद्दल बक्षीस मिळालं. म्हाताऱ्याच्या मनातली भीती त्यांनी काय दाखवली, असं लोकांनी छापून लिहिलं. कुठून आणली ते त्यांनी कधी सांगितलं नाही. सभ्य माणूस.

आम्ही स्कूटरवरून घरी निघालो. शालन मागे बसली होती. बिंदू चौकापर्यंत ती एक अक्षर बोलली नाही, आणि मला वाटलं, तिच्या काही लक्षात आलं नाही. सिग्नलला गाडी थांबली.

"ते मिराशींनी तुमचंच उचललंय न्हवं?" ती म्हणाली.

"काय?"

"ते मांडीला ब्रश पुसनं. आनि ते हं."

शेजारच्या रिक्षात एक मूल रडत होतं आणि त्याची आई त्याला काहीतरी दाखवत होती.

"पोरीला समोर बसवलासा आनि बघितलंच न्हाईसा," ती म्हणाली.

"काम होतं. दोन दिवसांत द्यायचं होतं."

"मी कुठं काय म्हंते?" तिचा आवाज अगदी नेहमीचा होता, गिऱ्हाइकांशी बोलते तसा. "इतकी वर्सं मला वाटायचं, माझ्याच तोंडावर बगण्यासारखं काय न्हाई. ती पोर चांगली गोरीगोमटी, तरणीताठी. तिच्याकडं बी बघितलं न्हाईसा. म्हंजे माझं काय चुकलं न्हवतं."

आमच्या लग्नाला तेवीस वर्षं झाली होती. मी हँडल तसंच धरून, मान पूर्ण मागे वळवून तिच्याकडे बघितलं.

ती दचकली. तिने पदर सारखा केला, मग दुसरीकडे बघितलं. मागून कुणीतरी हॉर्न दाबला, मग दुसऱ्याने, मग सगळ्यांनी.

"फुडं बगा," ती म्हणाली. "सिग्नल सुटलाय."